शाळेच्या जुन्या बसचे फिरते घर करताना : गोव्याच्या हवेत टिकणारा बाह्यभाग

शाळेच्या सेवेतून बाद झालेली बस विकत घेऊन तिचे फिरते घर करणारे बहुतेक जण पलंग, ओटा आणि विजेची जोडणी यांवर महिनोन्‌महिने विचार करतात, आणि बाहेरच्या बाजूचा विषय मात्र शेवटी एक चांगला रंग मारून घेऊ, एवढ्यावर सोडून देतात. गोव्यात हा क्रम महागात पडतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, उरलेल्या काळात किनाऱ्यावरची खारी हवा पत्र्याला लागत राहते आणि आतल्या तालुक्यांत जांभ्याची लाल धूळ प्रत्येक सांध्यात जाऊन बसते व ओल धरून ठेवते. टपावरून झिरपलेले पाणी प्लायवूडच्या मागे उतरले की आतल्या सुंदर कामाला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. म्हणून बाहेरचे काम आधी आणि तेही वरून खाली करत यावे : प्रथम कागदपत्रे, मग टप, मग खिडक्या व बाजूचा पत्रा, नंतर जोडसाहित्याची छिद्रे आणि सर्वांत शेवटी रंग. छिद्रे रंगाआधी पाडण्याचे कारण साधे आहे. रंग दिल्यानंतर ड्रिल फिरवले, तर छिद्राची उघडी कड तशीच राहते आणि गंज नेमका तेथून सुरू होतो.

कागदपत्रांचा विचार पत्र्याला हात लावण्यापूर्वी

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील आणि उत्पादकाचे मूळ तपशील यांच्यात तफावत पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ अधिक काटेकोरपणे लावला आहे. शाळेची बस घराच्या रूपात आणताना वाहनाचा वर्ग, आसनसंख्या आणि रंग अशा तिन्ही नोंदी बदलतात. त्यामुळे बसची मोजमापे दाखवणारा आराखडा, प्रस्तावित रंग आणि बाहेर लावायच्या वस्तूंची यादी घेऊन ज्या वाहतूक कार्यालयात तिची नोंदणी आहे, मग ते पणजी असो, म्हापसा असो, मडगाव असो वा फोंडा, तेथे आधी लेखी परवानगी मागावी. बसवर कर्ज असेल तर बँकेचे ना हरकत पत्र लागते. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा, कारण नोंदीत बस पिवळी आणि प्रत्यक्षात पांढरी असेल तर भरपाई मागताना तोच मुद्दा पुढे येतो. बदल पूर्ण झाल्यावर चौदा दिवसांच्या आत तो नोंदणी कार्यालयाला कळवून प्रमाणपत्रात चढवून घ्यावा लागतो.

बाह्यभागाच्या आराखड्यावर थेट परिणाम करणारे काही नियम केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये आहेत. मागच्या चाकांच्या पलीकडे येणारा बसचा भाग पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे हे अंतर ४.२ मीटर असेल तर मागचा भाग फार तर २.५२ मीटर असेल, आणि बसच्या मागे सामानाची पेटी किंवा सायकल अडकवण्याची चौकट जोडण्याची कल्पना बहुधा येथेच संपते. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. काचेवर काळी फिल्म चिकटवून आडोसा करण्यापेक्षा आतून जाड पडदे लावणे बरे. ऑलिव्ह हिरवा रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. रानावनात भटकणाऱ्या गाडीला हाच रंग शोभेल, असे अनेकांना वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

पाहणी

बस धुऊन कोरडी करावी आणि सकाळच्या तिरप्या उन्हात तिच्या अंगालगत उभे राहून पत्र्यावरून नजर फिरवावी. जेथे रंगाखाली फुगवटा आहे तेथे टोकदार स्क्रूड्रायव्हरने हलकेच टोचून पाहावे. टोक आत गेले तर पत्रा संपलेला आहे, आणि तो तुकडा कापून नवा पत्रा जोडण्याला पर्याय नाही. पुट्टी भरून दिलेली जागा चुंबक लावून ओळखता येते, कारण जाड पुट्टीवर चुंबक धरत नाही. ही युक्ती अर्थात लोखंडी पत्र्यावरच चालते. अनेक बसगाड्यांचा पुढचा व मागचा चेहरा फायबरचा असतो, तेथे चुंबक काहीच सांगणार नाही.

सर्वांत बोलकी खूण रिव्हेटांजवळ असते. खिडकीखालच्या रांगेतील एखाद्या रिव्हेटच्या डोक्याखाली बोटभर लांबीचा तपकिरी ओघळ दिसतो. पुसला तर जातो, पण पुढच्या पावसात पुन्हा उमटतो. हा डाग बाहेरून आलेला नसतो. पत्र्याच्या मागे साचलेले पाणी सांगाड्याच्या नळीचा गंज घेऊन रिव्हेटच्या छिद्रातून बाहेर येत असते. असे ओघळ ओळीने दिसले तर आतले पॅनेल काढून सांगाडा पाहिल्याशिवाय बाहेरच्या कामाचा अंदाजही काढू नये. चाकांच्या वरच्या कमानी, पायरीचा खालचा भाग आणि मागच्या दरवाज्याचा उंबरठा या तीन जागा शाळेच्या बसमध्ये हमखास कुजलेल्या निघतात, कारण मुलांच्या बुटांचा चिखल आणि रोजचे धुणे यांचे पाणी तेथेच थांबते.

सांगाड्याचे वेल्डिंग करायचे असेल तर घराच्या फाटकांचे काम करणाऱ्याऐवजी बसबॉडीचा अनुभव असलेला कारागीर शोधावा. सत्तरी तालुक्यात भुईपाल येथे बसबॉडी बांधणीचा मोठा कारखाना आहे, त्यामुळे हे काम अंगवळणी पडलेली माणसे गोव्यात मिळणे अवघड नाही. वेल्डिंग सुरू करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडवून ठेवाव्यात.

टप

टपावर सर्वाधिक वेळ द्यावा. टपाचे पत्रे आतल्या आडव्या कमानींवर एकमेकांवर चढवून बसवलेले असतात, आणि प्रत्येक सांध्यावर जुन्या सीलंटचा, म्हणजे फटी बुजवणाऱ्या चिकट लेपाचा, थर असतो. त्या थरावर नवा थर चढवणे ही सर्वत्र दिसणारी पळवाट आहे. खालचा थर पत्र्यापासून सुटलेला असेल तर वरचा कितीही चांगला असून उपयोग होत नाही. जुने सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून पूर्ण काढावे, सांधा तारेच्या ब्रशने घासावा, थिनरच्या फडक्याने पुसावा आणि मगच पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे ज्याला दुकानात पीयू सीलंट म्हणतात ते भरावे. बाथरूमचे सिलिकॉन येथे वापरू नये. त्यावर रंग धरत नाही, आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणाऱ्या प्रकारातून सुटणारे आम्ल पत्र्यावरच्या जस्ताला खाते.

हवा खेळवण्यासाठी टपावर पंखा किंवा झरोका बसवायचा असेल तर जागा दोन कमानींच्या मध्ये निवडावी आणि कमान कधीही कापू नये. झरोक्याची चौकट थेट टपावर टेकवण्याऐवजी खाली अ‍ॅल्युमिनियमची पट्टी देऊन ती बोटभर उंच करावी, म्हणजे पाणी तिच्याभोवती साचून न राहता वाहून जाते. चौकटीखाली ब्युटाइलची (मऊ रबरासारखी) चिकटपट्टी, त्यावर स्क्रू आणि स्क्रूंच्या डोक्यांवर पीयू सीलंट असा क्रम ठेवावा.

सौरपॅनेलच्या बाबतीत हाव आवरावी. ५५० वॉटचे एक पॅनेल साधारण २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि २७–२८ किलोचे असते. लोखंडी चौकट, शिडी, पाण्याची टाकी आणि माणसांना बसण्यासाठी फळ्यांची गच्ची असे सर्व काही टपावर चढवले तर बसचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि चोर्ला किंवा अनमोड घाटातल्या वळणांवर त्याची किंमत कळते. माझ्या मते टपावर पॅनेल आणि झरोका एवढेच असावे आणि पाणी खाली चॅसिसच्या पातळीवर ठेवावे. पॅनेलची चौकट कमानींना घट्ट बोल्ट करावी, नुसत्या पत्र्याला नाही, आणि पॅनेलखाली चार बोटे मोकळी जागा सोडावी, म्हणजे हवा फिरते आणि तापलेल्या पॅनेलची घटणारी वीज थोडी सावरते. सर्व जोडणी झाल्यावर जमिनीपासून सर्वांत उंच बिंदूपर्यंतची उंची मोजून ती चालकासमोर ठळक लिहून ठेवावी. गावातल्या रस्त्यांवर लोंबणाऱ्या तारा आणि वडाच्या फांद्या कोणी मोजून ठेवलेल्या नसतात. आणि माडाखाली सावली पाहून बस लावण्याचा मोह टाळावा, कारण पॅनेलची काच गारांना तोंड देण्यासाठी बनवलेली असते, नारळाला नव्हे.

टपाला शेवटचा हात पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या लवचिक लेपाचा द्यावा. बाजूचा रंग कोणताही निवडला तरी टप पांढराच असावा.

खिडक्या आणि बाजूचा पत्रा

शाळेच्या बसला दोन्ही बाजूंनी खिडक्यांची रांग असते आणि घरासाठी त्यांतल्या निम्म्या पुरतात. बंद करायच्या खिडकीची काच व रबर काढून तेथे बाजूच्या पत्र्याइतक्याच जाडीचा जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बसवावा. पत्र्याची वरची कड वरच्या पत्र्याच्या आत आणि खालची कड खालच्या पत्र्याच्या बाहेर आली पाहिजे. घराच्या छपरावर कौले चढवतात तोच हा नियम आहे, आणि तो उलटा झाला तर कितीही सीलंट भरले तरी पाणी आत येते. शेजारच्या दोन-तीन खिडक्या बंद करायच्या असतील तर वेगवेगळे तुकडे न लावता एकच अखंड पत्रा घ्यावा, म्हणजे उभे सांधे कमी होतात.

आपत्कालीन दरवाजा कोणत्याही कारणाने बंद करू नये किंवा त्याच्यासमोर बाहेरून शिडी, सायकली वा पेटी लावू नये. आत गॅस आणि बॅटऱ्या असलेल्या घराला दुसरी वाट हवीच. ठेवलेल्या खिडक्यांच्या आडव्या सळया काढायच्या की नाही, यावर मतभेद आहेत. पुढच्या बैठकीच्या भागातील सळया काढाव्यात आणि पलंगाजवळच्या ठेवाव्यात, म्हणजे रात्री खिडकी उघडी ठेवून निर्धास्त झोपता येते, असे मला वाटते. नवी काच बसवायची तर ती टफन्ड सुरक्षा काचच असावी.

खिडक्यांच्या वर धावणारी पन्हळ अनेक बसमध्ये चेपलेली किंवा रंगाने भरलेली असते. ती मोकळी व सरळ करून घ्यावी आणि तिच्याखाली प्रत्येक उघड्या खिडकीवर लहानसा छज्जा द्यावा. सततच्या पावसात खिडक्या बंद ठेवल्या तर आतली दमट हवा बाहेर जाण्याचा मार्गच उरत नाही. छज्जामुळे खिडकी चार बोटे उघडी ठेवता येते. मात्र तो बसच्या नोंदलेल्या रुंदीच्या बाहेर जाऊ नये.

स्क्रू आणि रिव्हेट निवडताना खाऱ्या हवेचे रसायन ध्यानात ठेवावे. लोखंड, अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी आले की त्यांतला कमजोर धातू झिजतो. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक रिव्हेट मारले तर रिव्हेट आधी संपतात. लोखंडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमची चेकर्ड प्लेट लावताना दोहोंमध्ये ब्युटाइल पट्टी आणि बोल्टखाली नायलॉनचे वॉशर द्यावेत.

सीलंट वाळल्यानंतर आणि आतले पॅनेल बंद करण्यापूर्वी पाण्याची चाचणी घ्यावी. एकाने बाहेरून पाइपने पाणी मारावे आणि दुसऱ्याने आत विजेरी घेऊन बसावे. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावे. वरून सुरू केले तर सगळेच ओले होते आणि गळती नेमकी कोठे आहे ते कळत नाही.

रंगकाम

रंगकामाचा हंगाम दिवाळी ते शिगमो, म्हणजे होळीच्या सुमारास, हा आहे. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल किंवा पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंशांनी जास्त नसेल तर रंग देऊ नये, हा औद्योगिक रंगकामाचा सर्वमान्य दंडक आहे, आणि पावसाळ्यात गोव्यात तो पाळताच येत नाही. थंडीतही पहाटे पत्र्यावर दव असते, म्हणून दहाच्या सुमारास सुरुवात करून सायंकाळी चारच्या आत हात थांबवावा. समुद्रकिनाऱ्यालगतच्या शेडपेक्षा आतल्या भागातील शेड भाड्याने घेणे चांगले. ओल्या थरावर बसलेले मीठ डोळ्यांना दिसत नाही, पण पुढे रंगाखाली फोड आणते.

प्रथम शाळेचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि बसच्या पुढची-मागची शाळेची अक्षरे पूर्ण काढावीत. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या अक्षरांच्या कडा रंगाच्या थरात उठून राहतात आणि नव्या रंगातून पुसटशा दिसतात, म्हणून तेथे ८० नंबरच्या पेपरने कड घासून पुढे १८० आणि ३२० नंबरपर्यंत यावे. पिवळा रंग ठेवावा का, हा प्रश्न अनेक जण विचारतात. ठेवू नये. बालरथाची, म्हणजे सरकारी योजनेतील शाळेच्या बसची, सवय झालेल्या गोव्यात पिवळी बस दिसली की मुले हात करतात आणि मागचे चालक ती थांबेल असे धरून चालतात.

उघड्या लोखंडावरचा गंज ग्राइंडरला तारेची वाटी लावून काढावा, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर लावावे, बस गोड्या पाण्याने भरपूर धुवावी आणि पत्रा पूर्ण सुकल्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो. गॅरेजमध्ये स्वस्त म्हणून सुचवला जाणारा रेड ऑक्साइड फाटकांना ठीक आहे, पण तो पाणी फारसे अडवत नाही. जस्ताच्या नव्या पत्र्यावर आणि अ‍ॅल्युमिनियमवर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूवर पकड धरणारा पहिला थर हवा, नाहीतर वरचे सगळे थर पापुद्र्यासारखे सुटून येतात. पुट्टी प्रायमरवर आणि शक्य तितकी पातळ द्यावी.

वरचा रंग हार्डनर मिसळून वापरायचा पीयू असावा. साध्या सिंथेटिक इनॅमलपेक्षा तो महाग पडतो, परंतु इनॅमलची चमक येथील उन्हात लवकर उतरते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि ते श्वासात जाणे धोक्याचे आहे. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून हे काम करू नये. बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा असलेल्या व्यावसायिक पेंटरकडूनच ते करून घ्यावे, आणि घरचे मनुष्यबळ घासण्या-धुण्याच्या कामात वापरावे.

रंगसंगतीसाठी दूर जाण्याची गरज नाही. गोवा-कोकणातील मंदिरांच्या भिंतींवर पांढऱ्या चुन्यावर तांबड्या मातीच्या रंगाने केलेली कावी कला आढळते, आणि तिची दोन रंगांची शिस्त बसच्या लांबट अंगाला फार चांगली बसते. खिडक्यांच्या खालच्या कडेपासून वर पांढरा आणि खाली काव रंग घेतला तर जांभ्याचे शिंतोडे त्यात लपून जातात, आणि दोन रंगांच्या सीमेवर वेलबुट्टीची एकच पट्टी हाताने काढून घेता येते. पाटी रंगवणाऱ्या कलाकाराला काम देताना कागदी नमुना आधी भोके पाडून पत्र्यावर उतरवायला सांगावे, म्हणजे पट्टी दोन्ही बाजूंना सारखी येते. छापील व्हिनाइल चिकटवण्याचा मार्ग सोपा आहे, पण रिव्हेटांच्या डोक्यांभोवती ते उचलले जाते आणि त्याखाली पाणी थांबते.

रंगाच्या हौसेत दिवे, नंबरपाटी आणि परावर्तक पट्ट्या झाकल्या जाऊ नयेत. पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल, अशी परावर्तक पट्टी नव्या रंगावर पुन्हा लावून घ्यावी.

बाहेरचे जोडसाहित्य

दरवाज्याच्या बाजूला गुंडाळता येणारी ताडपत्री किंवा कापडी मांडव उपयोगाचा आहे, पण तो बंद स्थितीत पन्हळीच्या आत बसणारा असावा, आणि संध्याकाळी समुद्राचा वारा उठण्यापूर्वी गुंडाळून ठेवावा. त्याचे कंस कमानींना किंवा खिडक्यांमधील खांबांना जोडावेत. बसच्या बाजूला बाहेर उघडणारा ओटा बांधण्याची टूम आहे. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यामुळे त्या ओट्याचा खर्च करण्यापूर्वी तो कोठे वापरणार, याचा विचार करावा.

गॅस सिलिंडरसाठी बाहेरून उघडणारी, आतल्या बाजूने पूर्ण बंद अशी पत्र्याची पेटी करावी आणि तिच्या तळाला जाळीदार छिद्र ठेवावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो व तळातूनच बाहेर जाऊ शकतो. ही पेटी सायलेन्सरच्या नळीपासून आणि बॅटऱ्यांपासून दूर असावी. बाहेरून वीज घेण्याचा सॉकेट झाकणाचा, पाणी न शिरणारा असावा आणि त्याचे तोंड खाली करावे.

मागच्या बंपरखाली काहीही लोंबकळू देऊ नये. फेरीबोटीच्या रॅम्पवरून चढताना-उतरताना लांब बसची शेपटी आधीच जमिनीजवळ येते, आणि तेथे अडकवलेली सांडपाण्याची टाकी किंवा तिचा नळ पहिल्याच फेरीत घासला जातो. टाकी पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्ये बसवावी. पुढच्या बाजूला जाड लोखंडी गार्ड लावण्याचा विचारही सोडून द्यावा. त्यावर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत.

बसच्या तळाला रबरी अंडरकोटिंग देताना आधी गंज काढून इपॉक्सी प्रायमर दिलेला असला पाहिजे, आणि सांगाड्याच्या नळ्यांची पाणी निथळण्याची छिद्रे उघडी राहिली पाहिजेत. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर आणि फिरते सांधे झाकून मगच फवारणी करावी. किनाऱ्यावर मुक्काम झाल्यावर तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. दर वर्षी मे महिन्यात टपावर चढून प्रत्येक सांध्यावरचे सीलंट नखाने दाबून पाहावे. जेथे ते कडक झाले असेल किंवा कड सुटली असेल, तेथे पहिली सर येण्यापूर्वीच ते काढून नवे भरावे.